तिसऱ्या सिनेमाचा हिशेब: मराठवाड्यात राहून निर्मिती करू पाहणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात पहिला सिनेमा करणारे निर्माते पुष्कळ सापडतात. दुसरा करणारे मोजके, आणि तिसऱ्यापर्यंत पोचणारे त्याहून थोडे. गोष्टी कमी पडतात किंवा नट कमी पडतात असं नाही. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रांवरून दरवर्षी माणसं तयार होतात आणि पुण्या-मुंबईची गाडी धरतात. कमी पडतो तो पैसा परत येण्याचा रस्ता, आणि तीच माणसं पुन्हा एकत्र येण्याची सोय. तीस-पस्तीस जणांचा तोच ताफा तिसऱ्यांदा एकत्र काम करायला लागला, तर त्याला उद्योग म्हणता येईल. म्हणून खालची प्रत्येक पायरी तिसऱ्या सिनेमावर नजर ठेवून लिहिली आहे.

आधी उलटा हिशेब

बहुतेक जण पटकथेवरून बजेट काढतात. तुम्ही तिकिटापासून सुरुवात करा.

समजा तिकीट जीएसटी सोडून १०० रुपयांचं आहे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. पहिल्या आठवड्यात मल्टिप्लेक्सकडून साधारण निम्मा वाटा निर्माता-वितरकाकडे येतो आणि पुढच्या आठवड्यांत तो उतरत जातो. निम्मा म्हणजे ५० रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन १५ टक्के धरलं तर साडेसात रुपये गेले. तुमच्या हातात ४२ रुपये ५० पैसे.

आता निर्मितीला ४० लाख आणि प्रसिद्धी-प्रदर्शनाला १५ लाख, असा ५५ लाखांचा सिनेमा धरा. ५५ लाखांना साडेबेचाळीसने भागलं की सुमारे १ लाख ३० हजार प्रेक्षक येतात. एका खेळाला सरासरी ६० माणसं आली तर जवळजवळ २,१६० खेळ लागतील. ४० पडदे मिळाले आणि प्रत्येकावर रोज दोन खेळ लागले, तर हा आकडा गाठायला २७ दिवस जातात. तेही वाटा न उतरता आणि गर्दी न ओसरता. बिनचेहऱ्याच्या पहिल्या सिनेमाला ४० पडदे चार आठवडे कोणी देत नाही.

हेच गणित २० लाख निर्मिती आणि ५ लाख प्रसिद्धीला लावा. प्रेक्षक ५९ हजारांच्या आत येतात. हेही सोपं नाही, पण अशक्यही नाही. शिवाय डिजिटल हक्क आणि तालुक्याच्या ठिकाणचे खेळ यांचा हातभार लागला तर हा आकडा आणखी खाली येतो.

राज्य शासनाचं दर्जेदार मराठी चित्रपटांसाठीचं अर्थसाहाय्य या हिशेबात धरू नका. ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख ही रक्कम मोहात पाडणारी आहे. पण ती परीक्षण होऊन दर्जा मिळाल्यावर येते, आणि तोवर व्याजाचं मीटर चालूच असतं. अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडून किंवा पतसंस्थेतून उचल घेतली की पैसा हाती येईपर्यंत निम्मा व्याजातच जातो. अर्ज जरूर करा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून बिलं आणि सीएने तपासलेले हिशेब तयार ठेवा, चालू शासन निर्णय स्वतः वाचा, आणि मिळाली तर ती रक्कम दुसऱ्या सिनेमाची समजा.

पहिल्या सिनेमाची मर्यादा एकच. बुडालं तरी घर, शेत आणि घरातलं ठरलेलं लग्न शाबूत राहील एवढीच रक्कम घाला.

पैसा कोणाचा आणि कोणत्या कागदावर

एकट्याचा पैसा असेल तर प्रोप्रायटरी फर्म चालते. दोन ते पाच जण असतील तर एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, सोयीची पडते. काहीही असो, सिनेमासाठी वेगळं चालू खातं उघडा. घरातलं किराणा बिल आणि जनरेटरचं डिझेल एकाच खात्यातून गेलं की तीन महिन्यांनी भागीदारांमध्ये जे बोलणं होतं, ते सिनेमाबद्दल उरत नाही.

गावातल्या पन्नास जणांकडून पन्नास-पन्नास हजार गोळा करून ‘वर्षाने दीडपट देतो’ म्हणणं हा सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे. परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून अशी रक्कम घेणं ठेवी स्वीकारण्यात मोडू शकतं. त्यासाठी २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आहे आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदाही आहे. ज्याला पैसे घालायचे आहेत त्याला भागीदार करा. नफ्यासारखाच तोट्यातही वाटा, हे कागदावर लिहा. करार करण्याआधी सीए आणि वकील दोघांना दाखवा.

रोखीची सवय सोडावी लागेल. २० हजार किंवा त्याहून जास्त उसनवारी रोख घेता येत नाही. एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिलं तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही. कलाकार-तंत्रज्ञांच्या मानधनावर टीडीएस कापावा लागतो: व्यावसायिक सेवेला १० टक्के, कंत्राटदार व्यक्तीला १ टक्का. यांच्या किमान मर्यादा सीएकडून समजून घ्या. चित्रपट निर्मात्यावर आणखी एक जबाबदारी आहे, जी नव्यांना हमखास ठाऊक नसते. एका व्यक्तीला एकूण ५० हजारांपेक्षा जास्त दिले असतील तर अशा सगळ्यांचं वेगळं विवरण आयकर खात्याला द्यायचं असतं. म्हणून प्रत्येकाचा पॅन नंबर कामाच्या आधीच घ्या. पॅकअपनंतर फोन उचलले जात नाहीत.

करार साधे असू द्या, पण सगळ्यांशी करा. महाराष्ट्रात आता ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. लेखकाशी केलेल्या करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. या दोन ओळी राहिल्या म्हणून पुढे ओटीटीशी बोलणी अडतात, कारण त्यांना हक्कांची अखंड साखळी कागदावर हवी असते: मूळ कथा, पटकथा, संवाद, गीत, संगीत, पार्श्वगायक, संकलक, सगळं. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहूनही काढून घेता येत नाही, तेव्हा तसं कलम घालायच्या भानगडीत पडू नका. सिनेमाचं नाव अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे किंवा निर्मात्यांच्या मान्य संघटनेकडे नोंदवून मगच पोस्टर छापा.

गोष्ट निवडताना

इथे उपदेश नको, फक्त खर्चाच्या बाजूने बोलू. मुख्य पात्रं तीन-चार. सगळी ठिकाणं १५ ते २० किलोमीटरच्या आत. रात्रीचे बाहेरचे प्रसंग कमीत कमी, कारण मोकळ्या रानात रात्र उजळायला सगळ्यात जास्त दिवे लागतात. पटकथेत ‘गाव जमतं’ असं एक वाक्य लिहिलं की दोनशे माणसांचं जेवण लिहिलं जातं, हे लेखकाला शेजारी बसवून सांगा.

बोलीचा मुद्दा मात्र थोडा लांबवायला हवा. मराठवाड्याची म्हणून एक बोली नाही. बीडकडचं ‘काय करायलास’ आणि ‘कामून’ देगलूरच्या माणसाच्या तोंडी घातलं की नांदेडचा प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतो. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा वारा आहे, उदगीरकडे कन्नडचा, संभाजीनगर-परभणीच्या मोहल्ल्यांत दखनीचा. गोष्ट कोणत्या तालुक्यातली ते आधी ठरवा आणि त्याच तालुक्यातला एक जाणता माणूस वाचनापासून डबिंगपर्यंत मानधन देऊन सोबत ठेवा. पुण्याहून आलेल्या नटाला बोली आठ दिवसांत येत नाही, हेलच येतो. त्याचा विनोद होतो. विनोद करायचा नसेल तर स्थानिक नट घ्या. भारूड, गोंधळ, कलापथक केलेल्या माणसांचे आवाज पडद्यावर फार चांगले बसतात. फक्त त्यांना खुल्या मैदानातल्या आवाजाची सवय असते. कॅमेऱ्यापुढे आवाज खाली आणायला त्यांना चार-पाच दिवसांची तालीम द्या.

ताफा कसा जमवायचा

प्रत्येक तालुक्याच्या गावात आज लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे चांगले फुल-फ्रेम कॅमेरे, गिंबल, ड्रोन आहेत. चातुर्मासात हे सगळं कपाटात पडून असतं. आषाढी ते कार्तिकी या काळात तुमची शाळा भरवा: दहा-दहा मिनिटांचे दोन लघुपट, प्रत्येकी दोन दिवसांचं चित्रीकरण, तोच ताफा. ते यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, आणि भागीदारांना दाखवायला नमुना तयार होतो.

या मुलांचा हात तयार असतो, पण काही सवयी मोडाव्या लागतात. ते कॅमेरा बंदच करत नाहीत. ऑटोफोकसवर विसंबतात. क्लॅप आणि शॉटची नोंद यांना कंटाळतात. प्रत्येक शॉट फिरता घेतात. लग्नात क्षण परत येत नाही, म्हणून तिथे हे बरोबरच आहे. सिनेमात मात्र संकलक तीनशे बेनामी फायली उघडून बसतो आणि त्याचे पंधरा दिवस जातात.

बाहेरून आणायची माणसं ठरलेली: छायाचित्रणाचा प्रमुख, फोकस पुलर (शॉट चालू असताना कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), ध्वनिमुद्रक, आणि जमल्यास पहिला सहाय्यक दिग्दर्शक. यात काटकसर करू नका. पण करारात एक अट घाला की प्रत्येकाच्या हाताखाली दोन स्थानिक मुलं राहतील आणि ती नुसती पेट्या उचलणार नाहीत. दुसऱ्या सिनेमात त्यातला एक सहाय्यक होतो, तिसऱ्यात विभाग सांभाळतो. कोल्हापूरला सेट लावणारा, मेकअप करणारा, प्रॉपर्टी पुरवणारा हात गावातच सापडतो तो अशाच पिढ्यांच्या साखळीतून. इथे ती साखळी पहिल्या कडीपासून घालायची आहे.

मानधन कमी असलं तरी चालतं, बुडलेलं चालत नाही. रोजंदारी त्याच आठवड्याच्या शनिवारी खात्यात गेली पाहिजे. लहान गावात निर्मात्याची पत पंधरा दिवसांत वर जाते किंवा कायमची खाली येते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामावर असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्याही आधी, चित्रीकरणाच्या ठिकाणी बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, हे लोकेशन ठरवतानाच बघा. नसेल तर ते लोकेशन कितीही सुंदर असो, ते बाद करा.

पंचांग समोर ठेवून तारखा

मराठवाड्यात चित्रीकरणाची तारीख कलाकार देत नाही, शेत देतं.

जूनमध्ये पेरण्या, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी. या दोन्ही वेळी गर्दीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तरी त्याचं मन शेतात असतं. दिवाळीनंतर बीड, धारूर, केज, पाटोदा या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. गावं निम्मी रिकामी होतात, घरात म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. तुमच्या गोष्टीला तेच हवं असेल तर ठीक. भरलेलं गाव हवं असेल तर हे गणित उलटं पडतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. अकरा ते चार या वेळात नटाचा मेकअप टिकत नाही, कॅमेरा तापून बंद पडतो आणि पन्नास माणसांचं टँकरचं पाणी हा वेगळाच खर्च होतो. दुष्काळाचं माळरान दाखवायला मे लागत नाही. फेब्रुवारीअखेर ते तयार असतं.

उरतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजेड मऊ, दिवस साधारण अकरा तासांचा. अडचण अशी की तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. जनरेटर, मंडप, आचारी, गाड्या, लॉज आणि तुमचा कॅमेरावाला, सगळेच तिकडे जातात आणि भाव चढतात. यातून वाट काढायची ती पौषातून. पौषात लग्नं कमी, म्हणून मंडपवाला आणि आचारी मोकळा. शेतात ज्वारी उभी आणि हुरड्याचे दिवस. अठरा दिवसांचं वेळापत्रक पौषात बसवा आणि बुकिंग दिवाळीच्या आधी उरका.

ज्वारीबद्दल एक सावधगिरी. कणीस भरण्यापासून काढणीपर्यंत शेताचा रंग आठवड्या-आठवड्याला बदलतो. शेतातले सगळे प्रसंग सलग चार-पाच दिवसांत घ्या. नाहीतर एकाच संवादात मागचं शेत हिरवं, मग पिवळं, मग कापलेलं दिसतं. हवा असलेला पट्टा काढू नये म्हणून शेतमालकाशी लेखी ठरवा आणि उशिराची भरपाई आधीच द्या.

तारखा पक्क्या करण्याआधी सरपंचांना आणि सरपंचांच्या विरोधी गटालाही तीन गोष्टी विचारा: अखंड हरिनाम सप्ताह कधी, यात्रा कधी, निवडणूक कधी. सप्ताहाचे भोंगे सात दिवस पहाटे काकड्यापासून रात्री कीर्तनापर्यंत चालतात. ते थांबवायची विनंती करणं बरं नाही आणि उपयोगाचंही नाही.

परवानग्या: कोण कुठे बसतं

ग्रामपंचायतीचा ठराव किंवा पत्र, पोलीस ठाण्याला माहिती, तहसील कार्यालयात अर्ज. एवढं गावासाठी. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. एसटी बस किंवा स्थानक हवं असेल तर विभाग नियंत्रकांकडे जा.

रेल्वेत मात्र लोक चुकतात. परभणी, जालना, नांदेड, संभाजीनगर ही स्थानकं दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतात आणि त्या रेल्वेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे. लातूर आणि धाराशिव मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. मुंबईला अर्ज टाकून महिना घालवू नका. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा ही स्मारकं केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथली परवानगी वेळखाऊ आणि महाग आहे. नळदुर्गसारखा किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाकडे येतो. पहिल्या सिनेमात स्मारक टाळलेलंच बरं.

ड्रोन व्यावसायिक वापरासाठी उडवायचा तर ड्रोनची नोंदणी आणि चालकाचं प्रमाणपत्र दोन्ही हवं, आणि उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर झोन तपासा. चिकलठाणा, नांदेड आणि लातूरच्या विमानतळांभोवती बंधनं आहेत.

दोन परवानग्या चित्रीकरणाच्या आधीच हव्यात, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही. पहिली जनावरांची. बैलजोडी, शेळ्या, कुत्रं, कोंबडा, काहीही कॅमेऱ्यापुढे काम करणार असेल तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. ग्रामीण सिनेमा आणि बैल नाही असं सहसा होत नाही, आणि नेमका हाच कागद राहतो. मग सेन्सॉरला प्रसंग कापायची वेळ येते. दुसरी बालकलाकारांची. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या मानधनातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. पटकथेत दहा वर्षांचा मुलगा मध्यवर्ती असेल तर वेळापत्रक या पाच तासांभोवती आखा.

चित्रीकरणाचे दिवस

नव्वद मिनिटांचा सिनेमा अठरा दिवसांत म्हणजे रोज पाच मिनिटं पडद्यावर जाणारं काम. हे जमतं, पण दिवसात एकदाच लोकेशन बदललं तर. एक बदल म्हणजे आवरणं, गाड्या, मांडणी मिळून दीड ते दोन तास. थंडीत हातातल्या अकरा तासांतले दोन तास रस्त्यावर घालवणं कोणालाच परवडत नाही.

खर्चात फुगतं ते जेवण आणि गाडी, कॅमेरा नव्हे. ४५ माणसं, चहा-नाश्ता आणि दोन जेवणं मिळून माणशी ३५० रुपये, अठरा दिवस: २ लाख ८३ हजार ५०० रुपये. बघ्यांपैकी रोज दहा जण ताटावर बसले की यात ६३ हजारांची भर पडते. गावाला हाकलता येत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी गावजेवण जाहीर करा आणि रोजच्या जेवणाला कुपन ठेवा. हे सगळ्यांना पटतं. एकूण खर्चाच्या १० टक्के रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा आणि ती पहिल्याच आठवड्यात वापरायला काढू नका. ताफ्याचा सामूहिक अपघात विमाही घ्या. रात्रीच्या ऊस ट्रॅक्टरांमुळे रस्ते बेभरवशाचे असतात.

वीज गावातून घेऊ नका. दाब कमी-जास्त होतो आणि भारनियमनाचा नेम नसतो. एलईडी दिव्यांवर चालणाऱ्या छोट्या युनिटला १५ केव्हीएचा जनरेटर पुरतो. मंडपवाल्याकडचा जनरेटर बहुतेक आवाज करणारा असतो, तेव्हा साउंडप्रूफ आहे का हे स्वतः चालू करून ऐका. तरीही तो साठ-सत्तर मीटर लांब, भिंतीमागे किंवा भरलेल्या ट्रॉलीमागे लावायचा, आणि तेवढी केबल आधीच मागवायची.

आवाज हा पहिल्या सिनेमांचा सगळ्यात कच्चा भाग. चित्र थोडं गडद असेल तर प्रेक्षक चालवून घेतो, संवाद कळला नाही तर उठतो. लोकेशन बघायला जाताना ध्वनिमुद्रकाला न्या आणि दोनदा जा, सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता. पिठाची गिरणी, विहिरीवरची मोटार, दूध डेअरीची गाडी, पत्र्यावर चालणारी माकडं, हे दुपारी कळत नाही. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. छताखाली आणि कॅमेऱ्यामागच्या भिंतींना गोधड्या, सतरंज्या लावा. प्रत्येक ठिकाणी काम संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करा. संकलनात ती सोन्यासारखी वापरली जाते. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा.

रोज साधारण ५०० जीबी धरले तर अठरा दिवसांत ९ टीबी होतात. प्रत्येक फायलीच्या तीन प्रती, म्हणजे २७ टीबी जागा लागते. कार्डं मोकळी करायला एकच माणूस नेमा. दुसरी प्रत तपासून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, दिग्दर्शक ओरडला तरी नाही. तीन ड्राइव्ह तीन ठिकाणी मुक्कामाला ठेवा. एकाच बॅगेत, एकाच गाडीत तिन्ही ठेवले तर एकच प्रत केल्यासारखं आहे.

आणखी एक, लग्नाच्या प्रसंगात बँडवाला हौसेने गाजलेलं गाणं वाजवतो. ते पडद्यावर गेलं की हक्काचे पैसे संगीत कंपनीला द्यावे लागतात, किंवा प्रसंगाचा आवाज फेकावा लागतो. बँडला तुमच्या संगीतकाराचीच धून शिकवा. तुकोबांचे अभंग वापरायला कोणाला विचारावं लागत नाही, पण कोणा गायकाने गाजवलेली आधुनिक चाल आणि तिचं मुद्रण यांचे हक्क वेगळे असतात.

प्रमाणपत्रापर्यंत

संकलन, रंगसंस्कार, ध्वनिमिश्रण यांसाठी निर्मितीच्या १५ ते २० टक्के रक्कम आधीच अलग खात्यात टाका. चित्रीकरणातच पैसा संपलेले सिनेमे याच टप्प्यावर वर्षानुवर्षं अडकतात. संकलन जिल्ह्यात करा, अंतिम मिश्रण मात्र चित्रपटगृहासाठी बांधलेल्या स्टुडिओत. हेडफोनवर केलेलं मिश्रण मोठ्या पडद्यावर उघडं पडतं. संवाद वगळून संगीत आणि ध्वनिपरिणामांचा वेगळा ट्रॅक, इंग्रजी उपशीर्षकं, आणि डीसीपी (चित्रपटगृहात चालणारी डिजिटल प्रत) एकाच वेळी करून घ्या. नंतर मागितलं की दुप्पट आकारतात, आणि तो ट्रॅक नसेल तर डबिंगचे हक्क विकता येत नाहीत.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर, मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयात. प्रदर्शनाच्या तारखेआधी दोन महिने हातात ठेवा. २०२४ च्या नियमांनी यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. पारावर तंबाखू मळणारा म्हातारा दाखवला असेल तर त्या दृश्यावर इशारा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांचे आरोग्य संदेश हे सगळं जोडूनच प्रत न्या. विडी आणि तंबाखूला सिगारेटचेच नियम आहेत.

प्रदर्शन: सर्किटचा जुना घोळ

वितरणाच्या जुन्या विभागणीत मराठवाडा ‘मुंबई सर्किट’मध्ये येत नाही. तो निझाम सर्किटचा भाग, हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीचा वारसा. विदर्भ-खानदेश सीपी-बेरारमध्ये. करारात नुसतं ‘मुंबई सर्किट’ लिहिलं तर तुमच्याच आठ जिल्ह्यांत सिनेमा कोण लावणार हा प्रश्न लोंबकळत राहतो. म्हणून सर्किटच्या नावाऐवजी जिल्ह्यांची नावं लिहा, आणि जमल्यास मराठवाड्याचे हक्क स्वतःकडे ठेवा.

चित्रपटगृहवाल्याशी बोलताना तीन प्रकार येतात: टक्केवारीचा शेअर, फिक्स्ड हायर आणि मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान रकमेची हमी. फिक्स्ड हायरमध्ये पडदा तुम्ही भाड्याने घेता, रिकामा गेला तर तोटा तुमचा. नव्याने शेअरवरच राहावं. डिजिटल सर्व्हरच्या कंपन्या व्हीपीएफ, म्हणजे डिजिटल प्रक्षेपणाचा आकार, वेगळा लावतात. तो पडद्यागणिक असतो, म्हणून तीस प्रेक्षक आणणारा पडदा घेऊ नये. रोजचा डीसीआर, म्हणजे दिवसाच्या विक्रीचा अहवाल, त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर मागा. आठवड्याने मागितलेला अहवाल जुळत नाही आणि त्यावर भांडूनही काही निघत नाही.

सगळीकडे एकदम लावू नका. आठ-दहा पडदे, जिथे तुमचे कलाकार आणि गोष्ट ओळखीची आहे तिथले. बारावी-दहावीच्या परीक्षा टाळा. चालला तर दुसऱ्या आठवड्यात पडदे वाढवा.

ज्या तालुक्यांत चित्रपटगृहच उरलं नाही तिथे नाट्यगृह किंवा महाविद्यालयाचं सभागृह. याचाही हिशेब आधी बघा. सभागृह ८ हजार, प्रोजेक्टर-पडदा-ध्वनी १० हजार, प्रचार ४ हजार, माणसं आणि गाडी ५ हजार: दिवसाला २७ हजार. तिकीट ६० रुपये धरलं तर ४५० माणसं आल्यावर खर्च निघतो. चारशे खुर्च्यांच्या सभागृहात तीन खेळ अर्धे भरले तर ६०० माणसं, ९ हजार हातात. ऐंशी टक्के भरले तर ३० हजारांच्या वर. म्हणजे पैसा आगाऊ विक्रीत आहे. बचत गट, महाविद्यालयं, शिक्षक संघटना यांना आधी तिकिटं विका आणि निम्मी विक्री झाल्याशिवाय सभागृहाची पावती फाडू नका. मंगल कार्यालयात दिवसा अंधार होत नाही, तिथे फक्त संध्याकाळचे खेळ. प्रोजेक्टर किमान ५,००० ल्युमेनचा. अशा तात्पुरत्या प्रदर्शनालाही जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना आणि सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. सिनेमा स्वतःच्या माणसाच्या लॅपटॉपवरून चालवा. पेन ड्राइव्हवर दिलेला सिनेमा रात्रीतून टेलिग्रामवर जातो.

डिजिटल हक्क विकताना ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की थांबा. ओटीटी, दूरचित्रवाणी, संगीत, डबिंग, रीमेक हे वेगळे विका आणि प्रत्येकाला मुदत घाला. प्रति मिनिट पाहण्यावर पैसे देणाऱ्या प्लॅटफॉर्मकडे हिशेब तपासण्याचा हक्क लेखी मागा. शेवटी यूट्यूबचा हक्क स्वतःच्या चॅनेलवर राहिला, तर लघुपटांपासून जमवलेला प्रेक्षक तिथेच पुढच्या सिनेमाची वाट बघतो.

प्रदर्शनानंतर नव्वद दिवसांत सगळ्या भागीदारांना एकाच कागदावर जमा-खर्च द्या. प्रत्येक पडद्याचा डीसीआर आणि येणं-देणं त्याला जोडा. तोटा झाला असेल तर तोही तसाच लिहा. त्याच बैठकीत पुढच्या पौषाच्या तारखा काढा, आणि ताफ्यातल्या तीस जणांना त्या दिवाळीच्या आधी कळवा.